बाळाने कुठे झोपायचं?

आपल्याकडे हा प्रश्नच नसतो. बाळ आईजवळ झोपतं, आणखी कुठे? पाळणा असतो, बारशाला तो फुलांनी सजतो, दुपारी दोरी ओढून त्याला झोके दिले जातात. पण रात्री बाळ आईच्या कुशीत. ऊसतोड करणाऱ्या बाईची झोळी झाडाला टांगलेली असते ती दिवसा. रात्री कोपीत सगळे एकमेकांना चिकटूनच झोपतात. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर माहीत असतं, तो प्रश्न आहे हेही कळत नाही.

माझ्या बहिणीला तो पडला फोनमुळे. मुलगी तीन महिन्यांची, पुण्यात वन बीएचके. रात्री दोनला दूध पाजताना एक रील सांगते, बाळाला वेगळ्या खोलीत झोपायची सवय लावा, नाहीतर ते कायम परावलंबी राहील. पुढची रील सांगते, बाळाला एकटं झोपवणं हा क्रूरपणा आहे. आई म्हणते, "तुम्ही दोघं माझ्याजवळच झोपायचात. काय झालं तुम्हाला?" शेवटी बहिणीने मला विचारलं, "तू दिवसभर डेटा बघतोस ना? मग सांग, बरोबर कोण?"

शोधताना एक जुना अभ्यास सापडला. १९९२ साली गिल्डा मोरेली, बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातल्या १४ माया कुटुंबांची आणि अमेरिकेतल्या १८ मध्यमवर्गीय कुटुंबांची तुलना केली. माया बाळं सगळीच्या सगळी आईच्या अंथरुणात झोपत होती. अमेरिकन बाळं सुरुवातीला आईवडिलांच्या खोलीत असायची, पण सहा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची रवानगी वेगळ्या खोलीत झालेली असायची. कारण विचारल्यावर अमेरिकन आया मुलाच्या स्वावलंबनाबद्दल बोलल्या. माया आयांना मात्र हे ऐकून धक्का बसला आणि त्या बाळांची कीव आली. दोन्हीकडच्या आयांचं आपल्या बाळावर प्रेम होतं. फरक प्रेमाचा नव्हता.

मग कशाचा होता? १९६०च्या दशकात जपानमध्ये काम करणाऱ्या विल्यम कॉडिल या अभ्यासकाचं उत्तर मला पटतं. अमेरिकन समजुतीप्रमाणे बाळ पूर्ण परावलंबी जन्मतं, म्हणून त्याला हळूहळू सुटं करायचं. जपानी समजुतीप्रमाणे बाळ सुटंच जन्मतं, म्हणून त्याला माणसांत ओढून घ्यायचं. जपानीत 'नदी'चं अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा. आईवडिलांच्या मध्ये बाळ झोपतं त्या रचनेला याच अक्षराचं नाव आहे. अंथरूण घालताना आपण 'माणूस म्हणजे काय' याचंच उत्तर देत असतो, फक्त तसं म्हणत नाही.

कुणी म्हणेल, यात तत्त्वज्ञान कसलं, प्रश्न जागेचा आहे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बाळाला वेगळी खोली कुठून आणणार? हे खरंच आहे. पण रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागोतल्या लोकांना एक कोडं घातलं होतं: सात माणसांचं कुटुंब आहे, खोल्या कमीजास्त होतील, कोण कुठे झोपेल ते ठरवा. भुवनेश्वरकरांसाठी लहान मूल एकटं पडू न देणं महत्त्वाचं होतं, तर शिकागोकरांसाठी नवराबायकोची स्वतंत्र खोली. म्हणजे जागेची अडचण मिटली, तरी मतभेद उरतातच.

बहिणीला मी सांगितलं ते एवढंच, की तू एक प्रश्न विचारतेस, पण ते दोन आहेत. आमच्या कामात एकाच तिकिटात दोन वेगळ्या अडचणी लिहिल्या, की एकही धड सुटत नाही.

पहिला प्रश्न जिवाचा. इथे परंपरेला सूट नाही. अमेरिकेत अनेक वर्षं तज्ज्ञच बाळाला पालथं झोपवायला सांगत होते, डॉ. स्पॉक यांच्या प्रसिद्ध पुस्तकातही तोच सल्ला होता. तो घातक असल्याचं पुराव्यांनी दाखवल्यावर १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२२चा सल्ला असा: किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र, सपाट आणि टणक अंथरुणावर, उताणं. उशी नको, मऊ पांघरूण नको. म्हणजे आपली मोहरीची उशीही बाद. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणं, सिगारेट किंवा दारू पिणाऱ्याने बाळाशेजारी झोपणं, हे तर फारच धोक्याचं. यावर "आम्ही नाही का वाढलो?" हे उत्तर होऊ शकत नाही. हे वाक्य म्हणायला फक्त वाढलेलेच उरतात.

दुसरा प्रश्न आहे मूल कसं घडावं याचा. इथे रीलवाल्यांचा आत्मविश्वास उसना आहे. एकटं झोपल्यानेच स्वावलंबन येत असतं, तर आईवडिलांच्या मध्ये झोपून वाढलेली जपानी मुलं सहा-सात वर्षांची होताच एकटी चालत किंवा ट्रेनने शाळेत गेली नसती. 'स्वावलंबी' कशाला म्हणायचं, हे ज्याचं त्याचं मूल्य आहे. ते मूल्य आहे असं सांगून मांडलं तर त्यावर बोलता येतं. विज्ञानाचा पांढरा कोट घालून आलं, की ते फक्त धाक घालतं.

या धाकामागे सत्ता उभी राहिली तर? २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने ताब्यात घेतली. मुलाला शेजारी झोपवणं, हाताने भरवणं यावरही आक्षेप होता, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. आपला निर्णय संस्कृतीवरून नव्हता, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' हा सिनेमा त्यावरूनच आला. परदेशात राहणाऱ्या अनेक घरांत तेव्हा जी भीती शिरली, ती याच गोंधळाची होती: आमचं मूल धोक्यात आहे म्हणून तुम्ही दार वाजवताय, की आम्ही वेगळे आहोत म्हणून?

हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला हवा असेल, तर तो घरातही पाळावा लागेल. सून पाळणा पलंगाला लावून बाळाला त्यात झोपवते, तेव्हा तिला 'काळीज नाही' म्हणण्याआधी बघावं, की बाळ धोक्यात आहे की फक्त आपली सवय?