शस्त्रक्रियेतील यंत्र : किंमत आणि मोल

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान झाले व शस्त्रक्रिया ठरली. रुग्णालयातील कारकुनाने त्यांच्या चिरंजीवांस विचारले, "रोबोटने करावयाची, की नेहमीच्या पद्धतीने?" दोहोंच्या खर्चात दीड लाखाचे अंतर होते. चिरंजीवांनी रोबोट पत्करला. पुढे ते आम्हांजवळ म्हणाले, "नाही म्हटले असते, तर वडिलांहून पैसा मोठा मानल्यासारखे झाले असते." शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, परंतु ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. ज्या गोष्टीचे मोल ठरविताना वैद्यशास्त्रासही विचार करावा लागतो, ती पितृभक्तीच्या तराजूत का घातली जावी?

'रोबोट' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दापासून तो बनला आहे. शस्त्रक्रियेतील रोबोटही आज बहुतांशी आज्ञाधारक सेवकच आहे. शल्यविशारद काही अंतरावर बसून मुठी हलवितो आणि यंत्राचे बारीक हात त्याच हालचाली लहान प्रमाणात रुग्णाच्या देहात करतात. हाताचा कंप गाळला जातो, दृश्य मोठे व सखोल दिसते, अवजारास मनगटाप्रमाणे वळता येते. 'दा विंची' या यंत्रास अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या एका यंत्राच्या साहाय्याने, न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या झाक मारेस्को यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील एका स्त्रीचे पित्ताशय काढले. या कौशल्याचे कौतुक करण्यास आम्ही कोणाच्याही मागे नाही.

परंतु कौतुक हे प्रमाण होऊ शकत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगावर रोबोटने व उघड्या पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना ऑस्ट्रेलियात झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रोबोटच्या बाजूस रक्तस्राव कमी आढळला; पण १२ आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता यांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०१८ साली तर याहून गंभीर गोष्ट पुढे आली. गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या कर्करोगात उघडी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी ९९ टक्के तीन वर्षांनी जिवंत होत्या. लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९३.८ टक्के भरले. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या होत्या, थोड्या रोबोटच्या. तथापि जखम लहान म्हणजे हित मोठे, हा समज किती फसवा असतो, ते यावरून कळावे.

कोणी म्हणेल, प्रत्येक नव्या साधनास आरंभी काळ द्यावाच लागतो. हे आम्हांस मान्य आहे. ओटीपोटाच्या अरुंद जागेत यंत्राचा उपयोग होतो, शल्यविशारदाच्या पाठीमानेचे श्रम वाचतात, हेही मान्य. परंतु यंत्र अनेक कोटींचे, आणि त्याची पुष्कळशी अवजारे ठरावीक वेळा वापरून टाकावयाची. इतका पैसा गुंतल्यावर यंत्र रिकामे ठेवणे कोणासही परवडत नाही, आणि मग रोगाने विचारावयाचा प्रश्न हिशेबाची वही विचारू लागते. भारतातील विमा नियामकाने २०१९ साली अशा शस्त्रक्रियांना आरोग्यविम्यात स्थान दिले हे चांगले झाले. पण विमा कंपनीस तीत रकमेची मर्यादा घालता येते, आणि ज्याच्यापाशी विमाच नाही त्याने काय करावे?

किंमत वस्तूच्या अंगावर लिहिता येते. मोल मात्र कोणत्या रोगात, कोणाच्या हातून, आणि कशाऐवजी, हे सांगितल्यावाचून ठरत नाही. म्हणून हा प्रश्न कारकुनाच्या मेजावरून उठून वैद्याच्या खोलीत गेला पाहिजे. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या? या रोगात यंत्राने नेमका कोणता लाभ होतो? यंत्र नसते, तर आपण काय केले असते? प्रामाणिक वैद्यास या प्रश्नांचा राग येणार नाही. उत्तर ऐकून कोणी रोबोट पत्करील, कोणी नाकारील. दोघेही आपल्या माणसावर सारखेच प्रेम करणारे असतील. त्या चिरंजीवांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, वडिलांसाठी दीड लाख मोजणे ही भक्ती खरीच. पण मोजण्यापूर्वी धीटपणे चार प्रश्न विचारणे हीही भक्तीच आहे.