लेबलावरचं नाव

पावसाचे पहिले सडाके झाले की अंबाडी नाक्यावर कातकरी बाया शेवळं घेऊन बसतात. जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या, शेजारी काकडांचे वाटे. एका जूनमध्ये गावातलीच एक मुलगी वही घेऊन त्यांच्यात येऊन बसली. वनस्पतिशास्त्र शिकत होती; कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिला रानभाज्यांचे नमुने हवे होते.

एका आजीने तिला आधी शेवळं निवडायला शिकवलं. वरची पारी उलगडायची, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. "पिवळं राहिलं तर घसा धरतो, पोरी. नि काकडाबिगर शिजवू नको." मग आजीने तिला रानात नेलं. कंद कुठे लपतो, फूल आधी आणि पान मागून कसं येतं, सगळं वाकून, माती उकरून दाखवलं. टाकळा, भारंगी, कुर्डू, लोत. दर रविवारी काहीतरी नवीन.

ऑगस्टपर्यंत बावीस नमुने झाले. दाबून वाळवलेले, जाड कागदावर टाक्यांनी पक्के बसवलेले. प्रत्येकाखाली लेबल: लॅटिन नाव, मराठी नाव, स्थळ अंबाडी, तारीख आणि संग्राहक म्हणून मुलीचं नाव.

नमुने ताडून पाहायला सर तिला मुंबईला झेवियर्समध्ये घेऊन गेले. हे कॉलेज १८६९ साली जर्मन जेझुइट पाद्र्यांनी उभं केलं. पहिल्या महायुद्धात त्या जर्मनांना इथून जावं लागलं. पण १९०६ साली सुरू झालेला वनस्पतिसंग्रह टिकला, आणि आज तो एथेलबर्ट ब्लाटर या स्विस पाद्र्याच्या नावाने ओळखला जातो. कपाटांतले कागद पाहून मुलगी हरखली.

परतीच्या लोकलमध्ये सरांनी तिला आणखी जुनी गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात कोचीला डच कंपनीचा एक पाद्री होता, योहान्नेस कासेअरियस. तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाकडे शिकलेला. डच गव्हर्नर व्हान रेडने मलबारच्या झाडपाल्यावर ग्रंथ करायला घेतला, तेव्हा सुरुवातीच्या खंडांचं लॅटिन या पाद्र्याने लिहिलं. 'हॉर्टस मलाबारिकस' हा तो बारा खंडांचा ग्रंथ, १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला. कासेअरियस १६७७ सालीच बटाव्हियात वारला. पहिला खंडही त्याला पाहायला मिळाला नाही.

"पण झाडं त्याला कुणी ओळखून दिली?" सरांनी विचारलं.

मुलगी गप्प.

"इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्याने. आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. त्या चौघांचे दाखले पहिल्या खंडात त्यांच्या त्यांच्या लिपीत छापलेत. कोकणी वैद्यांचा देवनागरीत. साडेतीनशे वर्षं होत आली, पण कोण शिकवत होतं ते आजही वाचता येतं."

डच कंपनी इथे धर्मादाय करायला आली नव्हती. औषधं स्वस्तात मिळावीत हाही हिशेब होता. तरी परमुलखातल्या त्या ग्रंथात आपल्या वैद्यांची नावं सन्मानाने आली, याचं मला मोल वाटतं. नावं गाळणं किती सोपं होतं!

वसई येईपर्यंत मुलगी मांडीवरच्या फाइलकडे पाहत होती. रात्री घरी तिने बावीस कोरी लेबलं कापली. नवी ओळ आखली: 'माहिती देणार'. लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. अडीच महिने ती जिच्यासोबत रान हिंडली, तिला नुसतं 'आजी' म्हणत आली होती.

सकाळी ती नाक्यावर गेली.

"आजी, तुझं नाव काय गं?"

"आता कशाला गं पोरी?"

"कागदावर लिहायचंय. मला शिकवलंस ना."

आजीने पदराने हात पुसले, जरा सावरून बसली आणि नवऱ्याच्या, मग बापाच्या नावासकट सगळं नाव सांगितलं. मुलीने ते सावकाश लिहिलं. आजीने ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. तिसऱ्यांदा शेजारच्या बाईला ऐकवायला.