माणूस, तस्वीर आणि पार्श्वभूमी

फोटोतला माणूस कापून काढायचा आणि दुसऱ्याच जागी नेऊन उभा करायचा, हे काम आता इतके सोपे झाले आहे की त्यात काही नैतिक प्रश्न असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पूर्वी त्यासाठी कात्री, डिंक आणि सरावलेला हात लागत असे. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि हे काम संगणकावर गेले. २०२२ पासून तर आयफोनवर फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरले की तो मागच्या दृश्यापासून अलगद सुटतो. कात्री चालवताना निदान विचार करायला वेळ मिळत होता.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. दोन भाषांत वावरणाऱ्याला शब्द ताडून पाहण्याची खोड लागते. मराठीत जी 'पार्श्वभूमी', ती उर्दूत 'पस-ए-मंज़र'. दोन्ही शब्द चित्रातल्या मागच्या दृश्यासाठी वापरतात, आणि माणसाच्या मागच्या इतिहासासाठीही. घर भाड्याने देणारा, नोकरी देणारा, सोयरीक जुळवणारा, सगळे एकच विचारतात, 'पार्श्वभूमी काय?' मागे काय आहे यावरून पुढे उभ्या असलेल्या माणसाची किंमत ठरते. मग ती बदलणे ही निव्वळ सजावट कशी म्हणता येईल?

अर्थात बदललेली प्रत्येक पार्श्वभूमी म्हणजे लबाडी, असे आमचे म्हणणे नाही. उरुसात, जत्रेत लाकडी विमानात बसून फोटो काढून घेणारे कुटुंब कोणाला फसवत नाही. स्टुडिओतल्या रंगवलेल्या ताजमहालापुढे नवे जोडपे उभे राहते, तेव्हा ते आग्र्याला जाऊन आले असे कोणी समजत नाही. ऑस्कर रेलांडर या छायाचित्रकाराने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'द टू वेज ऑफ लाइफ' हे मोठे चित्र तयार केले. ते कसे जोडले हे त्याने उघडपणे सांगितले. सांगून केलेल्या कल्पनेला खोटे म्हणत नाहीत.

याहून नाजूक गोष्ट कुटुंबाच्या फोटोची. कोकणात अनेक घरांतला कमावता माणूस आखातात असतो. मुलीच्या लग्नाला त्याला रजा मिळत नाही. मग त्याचा पासपोर्टचा फोटो स्टुडिओवाल्याकडे जातो आणि अब्बा लेकीच्या शेजारी येऊन उभे राहतात. कधी हे अब्बा हयातही नसतात. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक असते. तो फोटो 'असे घडले' म्हणत नाही, 'असे घडायला हवे होते' म्हणतो. त्याला खोटे ठरवायला आमचे मन धजत नाही.

पण तीच कात्री उलटी फिरली की काय होते? १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह चालत होता. त्याची मर्जी गेली, १९४० साली त्याला गोळी घालण्यात आली, आणि त्या फोटोत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. असंख्य माणसांना मृत्यूच्या दारी पाठवणारा माणूस अखेर स्वतःच चित्रातून पुसला गेला. अमेरिकेत लिंकनच्या मृत्यूनंतर त्याचे रुबाबदार चित्र हवे म्हणून त्याचे डोके जॉन कॅल्हूनच्या चित्रातल्या धडावर बसवण्यात आले. कॅल्हून हा गुलामगिरीचा कट्टर समर्थक! ज्या प्रथेशी लिंकन आयुष्याच्या अखेरीस लढला, तिच्याच पुरस्कर्त्याचे शरीर त्याला चिकटवले गेले. त्याला विचारले असते तर?

हे सारे दूरदेशी, राजकारणातच घडते असे समजू नये. तलाक झाल्यावर सासरच्या अल्बममधून सुनेला कापून काढलेले आपण पाहतो. मागे एखाद्या खांद्यावर तिची चार बोटे उरतात. आता संगणक तीही पुसतो आणि मागची भिंत सारखी करून देतो. मोठ्यांचा राग त्यांच्यापाशी. पण त्या अल्बमवर तिच्या लेकराचा काही हक्क आहे की नाही? आईवडिलांचा संसार मोडला तरी ते दोघे एके दिवशी शेजारी उभे होते, ही गोष्ट मोडत नाही. मुलाच्या जन्माची पार्श्वभूमीच कापण्याचा अधिकार आजी-आजोबांना कोणी दिला?

आणि मग २०२१ चा जुलै आणि २०२२ ची १ जानेवारी. 'सुल्ली डील्स' आणि 'बुल्ली बाई' या नावांच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला ठेवल्यासारखे मांडले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. फोटो त्यांच्याच समाजमाध्यमांवरून उचललेले होते. विक्री खरी नव्हती, पण मागे उभा केलेला बाजार खरा होता. चेहऱ्यामागे दोन शब्द लावले, आणि स्वतःच्या नावाने, कर्तृत्वाने उभी असलेली बाई 'माल' म्हणून दाखवली गेली. आपल्या भाषेत याला तोहमत म्हणतात. तोहमत लावायला तोंडच उघडावे लागते असे नाही, हे त्या दिवशी कळले.

यावर कोणी म्हणेल, सगळा प्रश्न नियतीचा आहे. नियत साफ असली की झाले. आम्हाला हे पुरेसे वाटत नाही. फोटो बनवणाऱ्याच्या हातातून सुटतो, नियत त्याच्याबरोबर प्रवास करत नाही. गमतीने जोडलेले चित्र तिसऱ्या हाती पुरावा होते. म्हणून दुसऱ्याचा चेहरा आपल्याकडे अमानत आहे असे आम्ही मानतो. अमानत वापरताना दोनच प्रश्न विचारावेत. ज्याचा चेहरा आहे तो या जागी उभा राहायला राजी झाला असता का? आणि बघणाऱ्याला हे जोडलेले आहे हे ठाऊक आहे का? आखातातले अब्बा या दोन्ही प्रश्नांतून सुखरूप पार पडतात. कापलेली सून आणि लिलावात मांडलेली पत्रकार एकाही प्रश्नातून पार पडत नाहीत.

आम्ही शिक्षक मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला शिकवतो. चित्रावरचे हे दोन प्रश्नही आता शिकवायला हवेत. फोन त्यांच्या हातात आहे, आणि त्यात कुणाच्या ना कुणाच्या आई-बहिणीचा चेहरा आहे.