सुटे भाग संपल्यावर घड्याळाचे काय उरते?

चावीच्या घड्याळाचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांवर अवलंबून असते. कमान तुटते, दाते झिजतात, तेल वाळते, अक्षांची टोके खराब होतात. दर काही वर्षांनी घड्याळ उघडावे लागते आणि उघडले की बहुधा काहीतरी बदलावे लागते. हे भाग आणि पूर्ण मशीन हौशी माणसाला पुढेही मिळत राहतील का, हा प्रश्न वरवर बाजाराचा आहे. त्याच्या तळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. भाग बदलत गेले तरी वस्तू तीच राहते का? आणि राहत असेल, तर ती टिकवण्याचे कर्तव्य कोणाचे?

प्रश्न नेमका समजायला मशीनच्या आत पाहावे लागते. गुंडाळलेली कमान शक्ती साठवते, दात्यांच्या चाकांची मालिका ती पुढे नेते, एस्केपमेंट ती मोजून-मापून सोडते आणि बॅलन्स व्हील हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक कमानीच्या ओढीने मागेपुढे फिरत ताल धरते. तासाला १८,००० ठोक्यांचे मशीन दिवसाला ४,३२,००० ठोके देते. २८,८०० ठोक्यांचे मशीन ६,९१,२००. बॅलन्सचा सारा डोलारा त्याच्या अक्षाच्या, म्हणजे बॅलन्स स्टाफच्या, दोन टोकांवर उभा असतो आणि ही टोके मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकीच जाड असतात. घड्याळ फरशीवर पडले की बहुतेक वेळा आधी तीच मोडतात. मग घड्याळजी बॅलन्स बाहेर काढतो, हेअरस्प्रिंग सोडवतो, जुना स्टाफ कातून वेगळा करतो, नवा स्टाफ ठोकून पक्का करतो आणि चाक कोणत्याही एका बाजूला जड राहिलेले नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासतो. नवा स्टाफ डबीत असेल तर हे काम एका बैठकीत होते. नसेल तर पोलादाची कांडी लेथवर कातून तो घडवावा लागतो, आणि हे ज्याला येते असा माणूस आधी शोधावा लागतो.

तयार सुटा भाग ही कल्पना घड्याळाइतकी जुनी नाही. अठराव्या शतकातल्या घड्याळाचा प्रत्येक भाग कारागिराने त्याच घड्याळासाठी घासून बसवलेला असे. एकाचा भाग दुसऱ्याला सहसा चालत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या वॉल्थमच्या कारखान्याने एकसारखे, परस्परांत बदलता येणारे भाग यंत्रांवर काढण्याची पद्धत रुजवली. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या वेळी जाक दाविद या स्विस अभियंत्याने ती पाहिली आणि आपल्या देशातल्या घड्याळवाल्यांना सावध करणारा अहवाल लिहिला. त्यानंतर स्वित्झर्लंडही त्याच वाटेने गेले. यामुळे घड्याळ स्वस्त झाले, दुरुस्ती सोपी झाली आणि लहान गावातल्या घड्याळजीलाही नेमका भाग मिळू लागला. त्याबरोबर एक बंधनही आले. घड्याळाचे आयुष्य कारागिराच्या हातातून निघून कारखान्याच्या गोदामात गेले. कारखाना चालू असेपर्यंत भाग मिळणार. तो बंद पडला की शिल्लक साठा पुरेल तितकेच.

आजची स्थिती याच बंधनातून आलेली आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारे पहिले क्वार्ट्झ हातघड्याळ बाजारात आणले आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील नोकऱ्या सुमारे ९०,००० वरून सुमारे ३०,००० वर आल्या. टिकलेले कारखाने एकत्र आले आणि मशीन बनवण्याचे बरेचसे काम स्वॉच समूहाच्या ईटीए या कंपनीकडे साचले. हेअरस्प्रिंगच्या बाबतीत त्याच समूहाच्या निवारॉक्सचे वर्चस्व होते. बाहेरच्या ब्रँडना न जुळवलेली कच्ची मशीन देणे बंद करण्याचा मनोदय ईटीएने २००२मध्ये जाहीर केला. स्विस स्पर्धा आयोगाने त्यात लक्ष घातले. २०१३च्या तडजोडीनुसार ईटीएचा पुरवठा पायरीपायरीने घटत गेला आणि पुरवठ्याच्या बंधनाची मुदत २०१९अखेर संपली. २०२०मध्ये आयोगाने नवे बंधन घालण्याचे टाळले. सुट्या भागांबाबत तर समूहाने आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१६पासून घाऊक विक्रेत्यांना भाग देणे थांबले आणि ते अधिकृत दुरुस्ती केंद्रांपुरते उरले. स्वतंत्र घड्याळजींच्या संघटनेने युरोपात केलेली तक्रार वर्षानुवर्षे चालली, पण २०१७मध्ये युरोपीय न्यायालयाचा निर्णयही तिच्या विरोधात गेला.

तरीही सर्वसाधारण मशीनचा तुटवडा पडेल, अशी चिन्हे नाहीत. ईटीए २८२४ची पेटंटे संपलेली असल्याने ला शो-द-फों येथील सेलिटा ही कंपनी त्याच मापाचे एसडब्ल्यू २०० मशीन बनवते. जपानमध्ये सिटिझनचे मियोटा आणि सेइकोचे एनएच ३५ ही मशीन कोणालाही विकत मिळतात. शिकाऊ लोकांचे आवडते, खिशातल्या घड्याळाच्या आकाराचे युनिटास ६४९७ आता चीनमधल्या सी-गलकडूनही त्याच धर्तीवर येते. स्वतःचे घड्याळ जुळवू पाहणाऱ्या हौशी माणसाला पुढची बरीच वर्षे मशीनची चिंता करायचे कारण नाही. खरी अडचण आहे ती बंद झालेल्या विशिष्ट घड्याळांची.

भारतात या अडचणीचे नाव एचएमटी. १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला या कंपनीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि राणीबाग येथेही उत्पादन झाले. ‘जनता’, ‘पायलट’ ही चावीची घड्याळे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत लग्नात, पहिल्या नोकरीत किंवा निवृत्तीच्या वेळी आली. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे ‘जनता’चा भाग हवा असेल तर जुन्या दुकानातला पडून राहिलेला साठा किंवा दुसरे एखादे ‘जनता’ हे दोनच सोपे मार्ग उरले. दुसऱ्या मार्गात एक घड्याळ जगवायला दुसरे मोडावे लागते.

भाग बदललेले घड्याळ तेच का, या प्रश्नाला भारतीय दर्शनांनी घड्याळाच्या कितीतरी आधी उत्तरे दिली आहेत. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे आस आहे, चाके आहेत, दांडी आहे की या सगळ्यांपलीकडचे काही? यांपैकी कशालाच रथ म्हणता येत नाही. भागांच्या मांडणीवरून व्यवहारात दिलेले ते नाव आहे, असा निष्कर्ष निघतो. बौद्ध विचारात सातत्य असते, पण ते अखंड प्रवाहाचे असते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत आदल्या प्रहरातलीच नसते आणि निराळीही नसते. न्याय-वैशेषिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी आहे. एक टोक ओढले की सगळी वस्तू ओढली जाते, हाच त्याचा पुरावा. पण याच मतानुसार एखादा अवयव गळाला तर जुना अवयवी नाश पावतो आणि नवा जन्मतो. ‘हे तेच’ ही ओळख मग साम्यामुळे होते. जैन दर्शन दोन्हींना जोडून घेते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार प्रत्येक सत् वस्तूत उत्पत्ती, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे टिकून राहणे, ही तिन्ही एकाच वेळी असतात. पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात, द्रव्य टिकते.

घड्याळांच्या व्यवहारात ही तिन्ही मते जिवंत आहेत. मूळ भागांचाच आग्रह धरणारा संग्राहक नकळत न्यायाच्या बाजूचा असतो. त्याच्या लेखी नवी तबकडी बसली की जुने घड्याळ गेले. चालते आहे ना, मग तेच, असे म्हणणारा वापरकर्ता नागसेनाजवळ उभा असतो. मशीनची मुख्य प्लेट तीच असेल तर बाकीचे बदल मान्य करणारा घड्याळजी जैन भूमिका घेतो. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५५मध्ये फळ्या एकेक करून बदललेले जहाज तेच का, या थीसिअसच्या जहाजाच्या जुन्या कोड्याला एक गाठ मारली: काढून टाकलेल्या फळ्या जपून ठेवून कोणी त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? हौशी जगात ही गाठ रोज पडते. अनेक मृत घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून विकलेल्या भारतीय बाजारातल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यात दोष भाग बदलण्याचा नाही. बदललेले लपवून ‘मूळ’ म्हणून विकणे, हा दोष आहे. तत्त्वज्ञान सातत्याचे उत्तर तीन प्रकारे देऊ शकते. खोटे बोलण्याला मात्र तिन्हींत जागा नाही.

घड्याळ आणि सजीव यांच्यातला एक फरक येथे निर्णायक ठरतो. शरीर आपल्या पेशी स्वतः बदलते. घड्याळाला स्वतःचा एकही भाग घडवता येत नाही. म्हणून त्याचे ध्रौव्य त्याच्या आत सापडत नाही. भाग पुन्हा घडवू शकणाऱ्या माणसांच्या परंपरेत ते असते. धर्मपरंपरांना हे चांगले ठाऊक आहे. पुरीला नवकलेवर या विधीत जगन्नाथाची लाकडी मूर्ती नव्या कडुनिंबातून घडते, जुन्यातला ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवला जातो आणि देव तोच राहतो. १९९६नंतर हा विधी २०१५मध्ये झाला. जपानमधले इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेत नव्याने बांधतात. अलीकडची उभारणी २०१३मधली. मध्ययुगात युद्धांमुळे हा क्रम शंभराहून अधिक वर्षे तुटला होता, तरी तो पुन्हा सुरू झाला. लाकूड शंभर टक्के बदलते. टिकते ते सुतारांचे कसब आणि ते कसब पुढे नेण्याची समाजाची इच्छा.

घड्याळांच्या इतिहासात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ले लोक्ल येथील झेनिथ कारखान्यात घडले. १९६९मध्ये या कारखान्याने एल प्रिमेरो हे स्वयंचलित क्रोनोग्राफ मशीन आणले. १९७५मध्ये अमेरिकी मालकांनी क्वार्ट्झकडे वळायचे ठरवले आणि चावीच्या जमान्याची सामग्री निकालात काढण्याचा हुकूम दिला. शार्ल व्हेर्मो या तिथल्या कारागिराने तो मानला नाही. साचे, कातण्याची अवजारे आणि आराखडे त्याने गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर हलवले आणि कोणती वस्तू कशासाठी, याची नोंद करून ठेवली. १९८०च्या दशकात मागणी परतली तेव्हा त्याच सामग्रीवर एल प्रिमेरो पुन्हा बनू लागले आणि रोलेक्सनेही आपल्या डेटोनासाठी ते घेतले. व्हेर्मोने तयार मशीन साठवली असती तर ती कधीच संपली असती. त्याने घडवण्याची शक्ती वाचवली, म्हणून पुढची सगळी मशीन शक्य झाली.

या कसबालाही मर्यादा आहे. बॅलन्स स्टाफ, चावीची दांडी, साधे स्क्रू हे सराव असलेला माणूस छोट्या लेथवर घडवू शकतो. इंग्रज घड्याळकार जॉर्ज डॅनियल्सने तर पूर्ण घड्याळ एकट्याने बनवण्याची पद्धत दाखवली आणि १९८१मध्ये ती ग्रंथरूपाने खुली केली. हेअरस्प्रिंगची गोष्ट वेगळी. तापमान बदलले तरी ओढ जवळपास तशीच ठेवणारा तिचा मिश्रधातू हे धातुशास्त्राचे फळ आहे. शार्ल एदुआर गियोम यांना या वाटेवरच्या शोधांसाठी १९२०चे नोबेल मिळाले. ती घरच्या टेबलावर होत नाही. अशा भागांसाठी उद्योग लागतो आणि म्हणून उद्योगाचे उत्तरदायित्वही येते. बनावट माल आणि वाईट दुरुस्ती टाळण्यासाठी भाग मर्यादित ठेवतो, हे कंपन्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. पण घड्याळ विकताना ‘पिढ्यान्‌पिढ्या चालेल’ असे सुचवायचे आणि भाग मात्र आपल्याच कुलपात ठेवायचे, हे नीतीला धरून नाही. विकलेल्या वस्तूच्या आयुष्यावर विक्रेत्याची मालकी उरत नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिचा रोख शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर होता. घड्याळालाही तेच तत्त्व लागू पडते.

कर्तव्याचा दुसरा वाटा हौशी माणसाचा आहे. टंचाईच्या भीतीने तो भाग साठवू लागतो. योगसूत्रांतल्या यमांमध्ये अपरिग्रह, म्हणजे साठा न करणे, आहे. गरजेपलीकडचा साठा दुसऱ्याची वाट अडवतो. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेले पन्नास बॅलन्स स्टाफ पन्नास घड्याळे थांबवून ठेवतात. त्याच्या उलट दिशेला ऋणाची कल्पना आहे. वैदिक परंपरेत माणूस ऋषींचे ऋण घेऊनच जन्मतो आणि अध्ययनाने ते फेडतो. ज्ञान घेतलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे, आणि घड्याळाचे ज्ञान हजारो अनामिक कारागिरांकडून आलेले आहे. २०२०मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड व फ्रान्समधल्या जुरा परिसरातील यांत्रिक घड्याळनिर्मितीचे कसब मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. वारसा म्हणून नोंदले गेले ते कसबच, घड्याळे नव्हेत.

म्हणून निर्णय असा. नवी मशीन मिळत राहतील. बंद झालेल्या घड्याळांचे कारखान्यातले भाग एक दिवस संपतील आणि ते कोणी थांबवू शकणार नाही. त्यानंतर ती घड्याळे जगतील की नाही, हे आज किती जण भाग कातायला शिकतात, किती जण मापे आणि आराखडे मोकळेपणाने नोंदवून ठेवतात आणि उतारवयातल्या घड्याळजींकडून किती जण काम समजून घेतात, यावर ठरेल. ज्याच्याकडे जुने घड्याळ आहे त्याने बदललेल्या प्रत्येक भागाची प्रामाणिक नोंद त्या घड्याळासोबत ठेवावी, जादा भाग गरजूला द्यावेत आणि जे काम येते ते किमान एकाला तरी शिकवावे.