मतं मोजल्याविना युती

जांबे गाव मुळशी तालुक्यात, विधानसभेला भोरमध्ये आणि लोकसभेला बारामतीत.  ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात. तिथली युती भावकीत नि पॅनेलमध्ये ठरते. विधानसभेची युती मात्र मुंबईहून ठरून येते.

२०२४ ला ती आली तेव्हा महायुतीच्या उमेदवाराच्या नावासमोर अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं घड्याळ होतं. उमेदवार शंकर मांडेकर, कालपर्यंत ठाकरेंच्या शिवसेनेतले. त्यांच्याविरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहिले ते शिंदेसेनेचे कुलदीप कोंडे आणि भाजपचे किरण दगडे. म्हणजे महायुतीचे तिन्ही पक्ष एकमेकांसमोर! मांडेकर निवडून आले. तीन वेळा जिंकलेले काँग्रेसचे संग्राम थोपटे हरले आणि २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. बंडखोरांना संधिसाधू म्हणून मोकळं होता येईल. पण ज्या पक्षाच्या वाट्याला मतदारसंघच येत नाही, त्याच्या कार्यकर्त्यानं किती वर्षं दुसऱ्याच्या सतरंज्या उचलायच्या?

शिवसेना-भाजप युतीचं दुखणं नेमकं इथंच आहे. १९८४ ला मनोहर जोशी लोकसभेला कमळावर लढले, १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत भाजप सेनेच्या रमेश प्रभूंविरुद्ध जनता पक्षाच्या बाजूनं होता आणि १९८९ ला बाळासाहेब ठाकरे व प्रमोद महाजन यांनी युती बांधली. १९९० ला सेनेनं १८३ जागा लढवून ५२ जिंकल्या, भाजपनं १०४ लढवून ४२. लढवलेल्या जागांच्या हिशेबात भाजपच सरस होता, तरी मोठा भाऊ कोण हा प्रश्न तेव्हा कुणी काढला नाही. १९९५ ला ७३ आणि ६५ जागांवर अपक्षांच्या टेकूनं सरकार आलं. ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री, असं सूत्र ठरलं. सूत्र सोपं दिसतं, पण विषारी आहे. मित्राच्या चार जागा पडल्या की माझा मुख्यमंत्री होतो, हा हिशेब त्यात आपोआप शिरतो. २००९ ला भाजप ४६, सेना ४४. त्या दिवसापासून जागावाटप हा भावाभावांतल्या वाटणीचा दावा झाला. २०१४ ला सेना १५१ वर अडली आणि सप्टेंबरात युती तुटली.

इटलीत हेच नाटक जवळपास त्याच काळात सुरू झालं. १९९४ ला बर्लुस्कोनींनी मोट बांधली ती चमत्कारिकच होती. उत्तरेत बोस्सींच्या लीगशी एक आघाडी, दक्षिणेत फॅसिस्ट वारशातून आलेल्या राष्ट्रीय आघाडीशी दुसरी, कारण हे दोघे एकमेकांच्या शेजारी बसायला तयार नव्हते. बोस्सींनी पाठिंबा काढला आणि वर्ष संपायच्या आत सरकार गेलं. पुढे तिथंही तेच सूत्र आलं: ज्याची मतं जास्त त्याचा पंतप्रधान. २०१८ ला मेलोनींच्या पक्षाला ४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, साल्विनींच्या लीगला १७. पंतप्रधान द्रागींच्या सरकारात लीग आणि बर्लुस्कोनी गेले, मेलोनी विरोधात थांबल्या. २०२२ ला त्यांना २६ टक्के मिळाले, लीग ९ च्या खाली आली. साल्विनी मुकाट मेलोनींच्या मंत्रिमंडळात बसले.

इथं पुन्हा युतीत लढूनही २०१९ ला उद्धव ठाकरे तसे भाजपच्या मागे बसले नाहीत. स्वभाव, मुख्यमंत्रिपदाचा शब्द दिला की नाही, अमित शहा, हे सगळं खरं मानलं तरी मला मोठं कारण निवडणूक पद्धतीत दिसतं. इटलीत बहुतेक जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. आघाडीत राहूनही प्रत्येक पक्षाची यादी वेगळी, मतमोजणी वेगळी. कोण वाढला, कोण खचला हे आकडाच सांगतो. आपल्याकडे जागा मित्राला सोडली की त्या मतदारसंघातली आपली मतं मोजलीच जात नाहीत. मुळशीत भाजपची खरी ताकद किती, हे पक्षालाही अंदाजानंच ठाऊक. मग तिकिटासाठी सर्व्हे येतात, बंडखोरी येते आणि ‘मैत्रीपूर्ण लढत’ हा आपल्या राजकारणातला सर्वात लबाड शब्दप्रयोग येतो. २०१७ ला राज्यात एकत्र सत्ता भोगणारे सेना आणि भाजप जिल्हा परिषदांना एकमेकांविरुद्ध लढले, तेही मला पुष्कळसं आपली मतं मोजून घेण्यासाठीच वाटतं.

२०२४ च्या २३० जागांनी महायुतीतली भूक शमलेली नाही. भाजप १३२, शिंदेसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. या जागांतही मित्रपक्षांची किती मतं मिसळली आहेत, हे कुठल्याच यंत्रातून वेगळं निघत नाही. १९९० ते २०१९ च्या सात विधानसभा निवडणुकांत सेना आणि भाजप यांची ताकद वेगवेगळी मोजली गेली ती एकदाच, २०१४ ला: भाजप १२२, सेना ६३.