पैसे घेणाऱ्याचे प्रेम

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना एका रविवारी जावयाने मला जुन्या ट्रकांच्या मेळाव्याला नेले. हरिपाठाच्या वयाच्या माणसाला ट्रक दाखवायला नेणे हा तसा विनोदच. पण माझे बालपण कुर्ल्यात गेले. तिथल्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेले डॉज आणि फार्गो ट्रक आमच्या चाळीवरून जात, आणि आम्ही मुले नुसत्या आवाजावरून ते ओळखत असू. तेवढ्या जुन्या ओळखीवर मी निघालो.

मैदानात तीसेक ट्रक उभे होते. बहुतेक डॉजचे ‘पॉवर वॅगन’. दुसऱ्या महायुद्धात डॉजने सैन्यासाठी जे ट्रक बांधले, त्यांचाच हा मुलकी अवतार १९४६ साली बाजारात आला. चारही चाकांना इंजिनाची ओढ, सहा सिलिंडर, ९४ अश्वशक्ती. शेतकऱ्यांपासून वनखात्यापर्यंत सर्वांनी तो राबवला. दिसायला रेड्यासारखा आणि स्वभावानेही तसाच. चिखलातून वाटेल ते ओढून काढील, पण सडकेवर ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे जायचे म्हटले की धापा टाकू लागेल. अशा जनावरावर जीव लावणारी माणसे तिथे जमली होती. एका बोल्टाचे डोके मूळचे की मागाहून बसवलेले, यावर दोन म्हातारे अर्धा तास तावातावाने भांडत होते. मला आमच्या हरिदासांचे पाठभेद आठवले.

कडेला एक ट्रक मात्र निराळा होता. वरचे अंग जुने, पण खाली नवी चासी, नवे डिझेल इंजिन, डिस्क ब्रेक, आत कातड्याची आसने. त्याचा कर्ता पन्नाशीचा, हात काळवंडलेले. गिऱ्हाइकांसाठी असे ट्रक बांधणे हाच त्याचा धंदा. बघ्यांची गर्दी त्याच्याच ट्रकाभोवती अधिक होती. पण दुपारी सगळी मंडळी लांब बाकांवर जेवायला बसली, तेव्हा त्याच्यासाठी कोणीच सरकले नाही. तो कागदाची ताटली घेऊन उभ्यानेच जेवला.

मी जावयाकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, “बाबा, तो धंदेवाला आहे. आणि तो ट्रक कापतो.”

म्हणजे आरोप दोन होते. पहिला पैसे घेण्याचा. हा आरोप फार जुना आहे. जिम थॉर्प या अमेरिकन खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. कारण काय, तर पूर्वी बेसबॉल खेळण्याबद्दल त्याने थोडे पैसे घेतले होते! खेळही निराळा, रक्कमही किरकोळ. तो १९५३ साली वारला. पदके परत देण्याचे ठरले १९८२ साली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले २०२२ साली. आपल्याकडेही नाटकवाल्यांत ‘हौशी’ या शब्दात कौतुक असे आणि ‘धंदेवाईक’ या शब्दात नाक मुरडलेले असे. पण हौस ही बहुधा पोट भरल्यावरची गोष्ट असते. ज्याचा पगार दुसरीकडून येतो, त्याला निष्काम होणे सोपे जाते. ज्याला आवडीच्या कामातूनच घर चालवायचे असते, त्याचे प्रेम कमी असते असे नाही. त्याचे प्रेम रोज हिशेबाच्या वहीशेजारी झोपते, इतकेच.

दुसरा आरोप मात्र असा झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत या ट्रकाची विक्री १९६८ साली संपली. आता नवा तयार होणार नाही. एक कापला की एक कमी झाला. शिवाय श्रीमंत गिऱ्हाईक बांधणावळ म्हणून लहानशा घराची किंमत मोजू लागले, की शेतात गंजत पडलेल्या सांगाड्यालाही भाव चढतो, आणि ज्याच्या आजोबांनी तो चालवला त्या नातवालाच तो परवडत नाही. हौशी मंडळी काही सोवळ्यातली नव्हेत. सहा व्होल्टच्या दिव्यांच्या जागी बारा व्होल्टचे त्यांनीही बसवलेले असतात. पण ते उद्या काढून पुन्हा जुने लावता येतात. कापलेली चासी पुन्हा जुळून मूळची होत नाही. परतीची वाट ठेवणारा बदल आणि ती बुजवणारा बदल, यांत फरक आहेच.

तिसऱ्या प्रहरी भांडणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्या ट्रकाचा पाण्याचा पंप गळू लागला. सगळे जमले, पण जुन्या जातीचा पंप कोणाकडेच नव्हता. तो धंदेवाला आपल्या गाडीकडे गेला आणि एक पंप घेऊन आला. म्हाताऱ्याने किंमत विचारली. मला वाटले, हा आता ‘राहू द्या’ म्हणेल आणि सर्वांना जिंकून घेईल. त्याने सरळ किंमत सांगितली. माफक, पण सांगितली. म्हाताऱ्याने पैसे मोजले. मग त्याचे लक्ष पंपाला बांधलेल्या चिठ्ठीकडे गेले. हा पंप कोणत्या ट्रकाचा, तो ट्रक कोणत्या शेतात सापडला, आणि मधून झाड उगवल्यामुळे त्याची चासी कशी मोडली होती, हे सारे तिच्यावर लिहिलेले होते. काढलेला प्रत्येक भाग तो असाच चिठ्ठी बांधून जपून ठेवतो, असे कळले.

म्हाताऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. “तरीसुद्धा कापायला नको होता,” तो म्हणाला. धंदेवाल्याने वाद घातला नाही. संध्याकाळी कॉफीच्या वेळी म्हातारा बाकावर थोडा सरकला, आणि तो शेजारी बसला.

परतताना मी गप्प होतो. जावयाला वाटले, बाबा दमले. मला आठवत होते ते आमच्या चाळीतले गुरुवारचे भजन. लग्नाच्या वाजंत्रीत ढोलकी वाजवून पोट भरणारा एकजण दर गुरुवारी येई. एकदा त्याने पखवाजाला हात लावू का म्हणून विचारले. आमचे चिटणीस म्हणाले, “इथे आम्ही देवासाठी वाजवतो.” सगळे हसले, मीही हसलो. आमचा पखवाज एका कारकुनाच्या हातात होता आणि तो हमखास ताल सोडी. ढोलकीवाला त्यानंतरही येत राहिला. दाराशी बसून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरी. त्याचा ठेका एकदाही चुकत नसे.

त्याला मान हवा होता असे मला तेव्हा वाटे. आता वाटते, त्याला बसायला जागा हवी होती. म्हाताऱ्याने आपले मत सोडले नाही, तरी जागा दिली. आम्हाला तर मत सोडण्याचीही गरज नव्हती. नुसते सरकायचे होते.