सब्र कोणाचा?

आमच्या पाटोद्यात कॅन्सरचे नाव सहसा कोणी घेत नाही. 'तो आजार' म्हणतात. माझ्या खालांचा तोंडातला आजार उघडकीस आला तेव्हा गाठी मानेपर्यंत उतरल्या होत्या. "आता ऑपरेशन नाही, घरी न्या," एवढेच आम्हाला सांगण्यात आले. घरी नेऊन करायचे काय, हे कोणी बोलले नाही.

खाला रात्रभर कण्हत. भेटायला येणारे म्हणत, सब्र करा, दुखण्याने गुनाह झडतात. मीही म्हटले. मुलांना सब्रचा धडा शिकवणारी मी, दुसरे काय म्हणणार?

पुढे एका डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा मामू अडले. "ही तर अफू! मरताना नशा करायची?"

मॉर्फिन अफूपासूनच निघते, हे खरे. पण नशेसाठी खाणे वेगळे आणि वेदनेच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या ठरवल्या. वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. त्याच वर्षी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले, बरे न होणाऱ्या कॅन्सररुग्णांच्या सेवेसाठी. 1997 पासून पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आहे. आपल्या देशात अफूची परवानाधारक शेती होते, आणि खेड्यातला रोगी मात्र तळमळत राहतो! 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दुकानदार हे औषध ठेवीनासे झाले. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली. माणसांच्या मनातला धाक तेवढा राहिला.

मी मामूंना विचारले, "उभे राहवत नसेल तर बसून नमाज, बसवत नसेल तर पडून. आजाऱ्याला रोज्याची सवलत. मग वेदनेचीच सवलत का नाही?" मामू गप्प झाले. पटले की थकले, कोण जाणे.

उत्तर खालांनीच दिले. "सब्र तो मैं करतीच हूं. तुम गोली लाव."

तेव्हा मला शरम वाटली. सब्र त्यांचा होता. आम्ही तो बाहेरून वसूल करत होतो, सावकारासारखा.

गोळी दर चार तासांनी, दुखण्याची वाट न पाहता द्यायची असते. सोबत पोट साफ होण्याचे औषध. वहीत वेळा लिहून मी ते सांभाळले. तिसऱ्या रात्री खालांनी तयम्मुम मागितला, पडल्यापडल्या इशाऱ्याने इशाची नमाज पढली आणि मला म्हणाल्या, "तू भी सो जा." त्या पहाटेपर्यंत झोपल्या. मी दोनची गोळी द्यायला उठले, तेव्हा मामू उशाशी पाण्याचा पेला धरून बसले होते.